न्यूट्रल नसलेल्या स्विचबॉक्ससाठी वायरलेस स्विच : वीज आणायची कुठून?

तिसरीतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले चार महिने एकाच गोष्टीमागे लागलोय. भिंतीतल्या साध्या स्विचच्या जागी बसेल, हातानेही चालेल आणि फोनवरूनही, असा वायरलेस स्विच स्वतः बनवायचा आहे. अट एकच: स्विचबॉक्समध्ये न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, नाही. आत दोनच वायरी आहेत. एक फेज, म्हणजे वीज आणणारी, आणि दुसरी स्विचमधून निघून दिव्याकडे जाणारी. न्यूट्रल वरच्या वर छतातून थेट होल्डरला गेलेली.

साध्या स्विचला याने काहीच फरक पडत नाही. तो फेज जोडतो किंवा तोडतो, त्याला स्वतःला वीज लागत नाही. माझ्या स्विचला मात्र चोवीस तास जागं राहायचंय. जागं राहायचं तर वीज हवी, आणि त्या विजेला परत जायला वाट हवी. ती वाट बल्बमधून जाते, दुसरी नाहीच.

पहिला नमुना ईएसपी३२ (वाय-फायवाली छोटी चिप) आणि साधा ५ व्होल्टचा रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) घेऊन केला. टेबलावर न्यूट्रल देऊन तपासला तेव्हा उत्तम चालला. मग न्यूट्रल काढून बल्बच्या मालिकेत जोडला. दिवा बंद असताना एलईडी बल्ब दर दोन-तीन सेकंदांनी लुकलुकायला लागला, आणि दिवा लावल्याबरोबर स्विचच बंद पडला. दोन्हींची कारणं मला ढोबळमानाने कळतात, पण यातून बाहेर कसं पडायचं ते नीट सुचत नाहीये. हे काम कोणी केलंय का? सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

जुना वायरमन

आधी बॉक्स पूर्ण उघडून बघा. न्यूट्रल "नाही" असं वाटतं तिथे बरेचदा मागे टेप गुंडाळून दुमडलेली सापडते. आणि रंगावर विश्वास ठेवू नका. दिव्याकडे जाणारी परतीची वायर पुष्कळ ठिकाणी काळीच टाकलेली असते. लोक तिलाच न्यूट्रल समजतात. मल्टिमीटर लावा. फेज आणि ती वायर यांच्यामध्ये स्विच बंद असताना जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसेल, स्विच लावला की शून्य. खरी न्यूट्रल असेल तर दोन्ही वेळा पूर्ण व्होल्टेज दिसतं. नुसत्या टेस्टरवर हे ठरवू नका.

तिसरीतार

काका, तपासलंय. स्विच लावला की शून्य येतं. खरंच न्यूट्रल नाही.

रोहित्र

ज्या काळी ही वायरिंग झाली त्या काळी स्विचला न्यूट्रल देणं म्हणजे फुकट तांबं घालवणं होतं, त्यामुळे वायरिंग करणाऱ्यांना दोष देता येत नाही. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये २०११ सालच्या आवृत्तीत दिव्याच्या स्विचपाशी न्यूट्रल ठेवण्याचा नियम आला, तो अशाच उपकरणांसाठी. अर्थात त्याआधीच्या घरांना त्याचा उपयोग नाही.

नवशिका

प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. बॉक्समध्ये अर्थिंगची हिरवी वायर असतेच ना? तीच न्यूट्रल म्हणून वापरली तर? शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी जोडलेल्या असतात असं वाचलंय.

रोहित्र

नवशिका, प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. हे न विचारता करून बसलेले लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका.

अर्थिंगच्या वायरीतून रोजच्या वापरात करंट जायचाच नसतो. ती फक्त बिघाडाच्या वेळेसाठी राखलेली असते. समजा पुढे कुठेतरी ती वायर सुटली. मग तुमच्या स्विचमधून येणाऱ्या फेजला परत जायला वाट उरत नाही, आणि त्या अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर, फ्रीजच्या अंगावर, गीझरवर, फेजचं व्होल्टेज चढतं. घरातलं कोणीतरी ओल्या हाताने त्याला हात लावणार. शिवाय आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर अर्थिंगकडे जाणारा प्रत्येक मिलिअँप त्याच्या हिशेबात गळती म्हणूनच धरला जातो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपचा असतो. असे पाच-सहा स्विच लावले की तो विनाकारण पडायला लागेल, आणि मग लोक वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात.

शेजारच्या सर्किटमधली न्यूट्रल ओढून आणणं हाही तसलाच प्रकार. एका सर्किटचा एमसीबी (मुख्य पेटीतला तोडस्विच) पाडून माणूस निर्धास्त काम करतो, आणि त्याने सोडवलेल्या न्यूट्रलवर दुसऱ्या सर्किटचा करंट असतो.

जुना वायरमन

रोहित्र यांच्याशी शंभर टक्के सहमत. यात तडजोड नको.

अनुनाद

तिसरीतार, तुमच्या दोन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत. लोक त्या एकत्र करतात आणि गोंधळतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ धरून लिहितो.

दिवा बंद असताना स्विचच्या दोन टोकांमध्ये जवळपास सगळे २३० व्होल्ट असतात. म्हणजे व्होल्टेज भरपूर, करंट मात्र अगदी थोडा घ्यायचा, नाहीतर बल्बला कळेल. अर्धा मिलिअँप घेतलात तर ११५ मिलिवॅट होतात. रूपांतरात निम्मे गेले तरी पन्नास-पंचावन्न हातात पडतात, ३.३ व्होल्टला साधारण १७ मिलिअँप. काटकसरी सर्किटला हे पुष्कळ आहे.

दिवा चालू असताना चित्र उलटं होतं. करंट आहे, व्होल्टेज नाही, कारण लावलेला स्विच म्हणजे जवळपास शून्य व्होल्ट. तुमचा नमुना इथेच मेला. रिलेचे संपर्क जुळले आणि तुम्ही स्वतःच स्वतःचा पुरवठा शॉर्ट केलात. उपाय एवढाच की थोडं व्होल्टेज जाणूनबुजून स्वतःकडे ठेवायचं. पाच व्होल्ट ठेवले तर २३० मधले दोन टक्केच जातात, बल्बच्या आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) ते सांभाळून घेतो, उजेडात फरक दिसत नाही. ५ वॅटच्या बल्बमधून २२ मिलिअँप जातात असं धरलं तर ५ व्होल्टला ११० मिलिवॅट मिळतात. म्हणजे दोन्ही स्थितींत साधारण सारखीच वीज मिळते, पण मिळवायच्या रीती पूर्ण वेगळ्या. एकाच सर्किटकडून दोन्ही कामं करून घ्यायला जाऊ नका.

चालू स्थितीसाठी रिलेच्या मालिकेत दोन मॉस्फेट (स्विचसारखे वापरायचे ट्रान्झिस्टर) उलटसुलट जोडा. प्रत्येक अर्ध्या चक्रात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, ते काही काळ बंद राहतील. तेवढ्यात बल्बचा करंट तुमच्या साठवण कपॅसिटरमध्ये जाईल. तो भरला की मॉस्फेट चालू. रिले उघडा असताना सगळं व्होल्टेज रिलेच्या फटीवर पडतं, त्यामुळे मॉस्फेट कमी व्होल्टेजचे चालतात, फक्त टीव्हीएस डायोडने (व्होल्टेजचा झटका गिळणाऱ्या) जपा.

बहुतेक जण रिलेऐवजी ट्रायॅककडे (एसीसाठीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचकडे) वळतात. छोट्या एलईडीसाठी मी तो टाळतो. ट्रायॅक चालू राहायला काही किमान करंट लागतो. छोट्या बल्बचा करंट त्याच्या खाली घसरला की तो अर्ध्या चक्राच्या मध्येच सुटतो आणि दिवा थरथरतो.

लघुलहरी

मी रेडिओच्या बाजूने लिहिते. वाय-फायचा हट्ट सोडता येईल का बघा.

ईएसपी३२ पाठवताना २४० मिलिअँपपर्यंत घेतो. ३.३ व्होल्टला ते ०.८ वॅटच्या आसपास. अनुनाद यांच्या हिशेबात तुमच्याकडे वॅटचा विसावा भाग आहे. मधली तफावत कपॅसिटरने भरायची म्हटलं तर बघा: १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ वरून ३.६ व्होल्टपर्यंत उतरला की ६ मिलिज्यूल मिळतात. ०.८ वॅटला ते साडेसात मिलिसेकंदांत संपतात. आणि वाय-फाय एकदा पाठवून गप्प बसत नाही. राउटरशी नातं टिकवायला त्याला सारखं ऐकावं लागतं, ऐकायलाही दहांनी मिलिअँप जातात.

त्याऐवजी झिगबी घ्या, कमी विजेवर चालणारा रेडिओ. त्याची सगळ्यात लांब चौकट, म्हणजे एका वेळी जाणारा निरोपाचा तुकडा, १२७ बाइटची, तिच्या आधी जाणारी सहा धरून १३३. वेग सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंद. आजच्या चिप दहाएक मिलिअँपमध्ये हे करतात. एका चौकटीला ०.१४ मिलिज्यूल. त्याच कपॅसिटरमधून चाळीसेक चौकटी जातील.

मात्र एक गोष्ट आधीच ठरवा. झिगबीत राउटर, म्हणजे इतरांचे निरोप पुढे पोचवणारं उपकरण, झालात तर सतत कान उघडे ठेवावे लागतात. झोपणारं टोक झालात तर वीज वाचते, पण निरोप तुमच्या वतीने शेजारचा राउटर धरून ठेवतो आणि तुम्ही अधूनमधून जाऊन विचारायचं. दर पाच सेकंदांनी विचारलंत तर फोनवर बटण दाबल्यावर दिवा पाच सेकंदांनीही लागेल, आणि माणूस तोवर तीनदा दाबून मोकळा झालेला असेल. सेकंदाला चार वेळा विचारा. दर वेळी पाच मिलिसेकंद जाग धरली तरी सरासरी ०.२ मिलिअँप पडतो. तो तुम्हाला सहज परवडतो.

यामुळेच बाजारातले बिनन्यूट्रलचे बहुतेक झिगबी स्विच पुढे निरोप पोचवत नाहीत. सगळ्या घरात तेच लावले तर जाळं विणायला कोणी उरणार नाही. सॉकेटमध्ये बसणारा एखादा राउटर लागेलच.

तिसरीतार

अनुनाद, लघुलहरी ताई, दोघांचेही मनापासून आभार. महिनाभर ज्यावर डोकं आपटत होतो ते दोन प्रतिसादांत सुटं झालं.

रिलेचं गणित मी आता पहिल्यांदा नीट मांडलं. साधा रिले धरून ठेवायला ७० मिलिअँप, म्हणजे दिवा चालू असेपर्यंत ०.३५ वॅट. ते शक्यच नाही. लॅचिंग रिले, म्हणजे विजेशिवाय आहे त्या स्थितीत राहणारा, घेतला तर एका ठोक्यापुरतीच वीज लागते. माझ्याकडचा अर्ध्या वॅटचा आहे, ठोका ३० मिलिसेकंदांचा: १५ मिलिज्यूल. म्हणजे झिगबीच्या शंभर चौकटी एका बाजूला आणि रिलेचा एक खटका दुसऱ्या. मी एवढे दिवस रेडिओला घाबरत होतो, खरा खादाड रिले निघाला.

म्हणून साठवण १२ व्होल्टवर नेली. ४७० मायक्रोफॅरड १२ वरून ८ पर्यंत उतरला की १९ मिलिज्यूल मिळतात. एका ठोक्याला पुरतात. दुसरा ठोका लगेच हवा असेल तर पुन्हा भरेपर्यंत थांबायचं, साधारण पाव-अर्धा सेकंद. कपॅसिटरचं व्होल्टेज पुरेसं असल्याशिवाय रिलेला हुकूमच द्यायचा नाही, हे कोडमध्ये घातलंय. अर्धवट ठोक्याने रिले मध्येच अडकला तर कोणत्या स्थितीत आहे हे कोणालाच कळणार नाही.

नवशिका

ते लुकलुकण्याचं मात्र राहिलं. करंट एवढा कमी असताना बल्ब पेटतो तरी कसा?

अनुनाद

पेटत नाही, साठवतो. एलईडी बल्बच्या आत पूल रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि एक कपॅसिटर असतो. तुमचा गळतीचा करंट तो कपॅसिटर हळूहळू भरत राहतो. ड्रायव्हरला जागं व्हायला लागणारं व्होल्टेज आलं की ड्रायव्हर उठतो, साठा एका झटक्यात संपवतो, क्षणभर उजेड पडतो, पुन्हा तेच चक्र. तिसरीतार यांच्या बल्बला ते दोन-तीन सेकंद लागत होते. काही बल्बांत ड्रायव्हरऐवजी नुसता कपॅसिटर आणि रेझिस्टर असतो. ते लुकलुकत नाहीत, रात्रभर मंद मिणमिणत राहतात.

उपाय म्हणजे गळतीला बल्बच्या शेजारून सोपी वाट काढून देणं. होल्डरपाशी, बल्बला समांतर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ वर्गाचा (मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर, जोडायला बनवलेला) कपॅसिटर. ५० हर्ट्झला त्याचा विरोध सुमारे ३२ किलोओहम. अर्धा मिलिअँप त्यातून गेला तर बल्बवर जेमतेम १६ व्होल्ट पडतात. ड्रायव्हर तेवढ्याने उठत नाही. मालिकेत शंभरएक ओहमचा फ्यूजिबल रेझिस्टर (करंट फार वाढला तर जळून वाट तोडणारा) आणि समांतर एक मेगओहम द्या, म्हणजे नंतर हात लावणाऱ्याला साठलेल्या चार्जचा झटका बसणार नाही.

जुना वायरमन

हा कपॅसिटर होल्डरपाशीच लावा. "वर चढायला नको" म्हणून स्विचच्या दोन टोकांवर लावलेला मी स्वतः काढलाय. तिथे तो गळती कमी करत नाही, उलट वाढवतो. त्या घरात दिवा बंद केल्यावर जास्तच उजळ मिणमिणत होता.

आणि एक्स२ म्हणजे एक्स२च. साधा फिल्म कपॅसिटर मेन्सवर कायम राहिला तर कधीतरी शॉर्ट होऊन पेटतो, आणि तो तुमच्या छतात, लाकडाजवळ, कोणाला दिसणार नाही अशा जागी असतो.

लघुलहरी

थोडं अँटेनाबद्दल. बॉक्स धातूचा असेल तर अँटेना त्याच्या कडेच्या बाहेर, पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीमागे आणा. आत ठेवलीत तर निम्म्याहून जास्त सिग्नल बॉक्सच गिळतो. वायरींची गुंडाळी अँटेनाजवळून नेऊ नका. आणि बटणावर बोट असतानाही निरोप जातो का ते तपासा, कारण हाताने दाबल्यावर पहिला निरोप नेमका तेव्हाच जातो.

रोहित्र

त्याला जोडून. या सर्किटला आयसोलेशन, म्हणजे मेन्सपासून विलगता, नाही. तुमच्या बोर्डाची "ग्राउंड" फेजवर आहे, अँटेनासह. बटण, पट्टी, स्क्रू यांतलं माणसाच्या बोटाला लागणारं काहीही त्या सर्किटशी विजेने जोडलेलं नसावं. आणि तिसरीतार, कोड भरताना मेन्स काढलेला असू द्या. मेन्स चालू असताना यूएसबी जोडलीत तर फेज थेट लॅपटॉपच्या अंगात जाईल. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप लावतानाही तेच.

अनुनाद

आणखी एक विचारतो, छताकडे हात पोचत असेल तर हा सगळा खटाटोप का? सीलिंग रोझमध्ये (छतावरच्या जोडणीच्या डबीत) बरेचदा फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात. मॉड्यूल तिथे बसवा, भिंतीवर नुसतं बिनतारी बटण. ते बॅटरीवर चालतं, किंवा एनोशनच्या कायनेटिक बटणासारखं दाबाच्या जोरावरच. सीमेन्समधून २००१ साली निघालेली ही कंपनी. त्यांच्या बटणात दाबल्यावर छोट्या चुंबकाच्या मदतीने शंभर-दोनशे मायक्रोज्यूल तयार होतात, आणि त्यात निरोप जातो. युरोपात ते ८६८ मेगाहर्ट्झवर चालतं, भिंतींमधून २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बरं पोचतं.

तिसरीतार

छत उघडता येत असेल तर तेच करावं, मीही तेच सुचवीन. माझ्याकडे होल्डर स्लॅबमध्ये पक्के आहेत. त्यामागे कपॅसिटर कसाबसा मावतो, मॉड्यूल नाही. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. रेडिओ मेला, राउटर मेला, तरी भिंतीवरचं बटण दाबून दिवा लागलाच पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अंधारात नेटवर्कचं कारण सांगता येत नाही. माझ्या रचनेत बटण थेट रिलेचा निर्णय घेतं, रेडिओला नंतर कळवतं.

---

तिसरीतार (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, चाललं! पण वाटेत एक गोष्ट शिकलो, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्यांदा मी चालू स्थितीतली वीज घड्याळावर घ्यायला गेलो. व्होल्टेज शून्यातून जातं तिथून एक मिलिसेकंद मॉस्फेट बंद ठेवायचे, तेवढ्यात कपॅसिटर भरेल, असा हिशेब. जुन्या फिलामेंटच्या बल्बवर सुरेख चाललं. एलईडी लावला आणि स्विच उपाशी. दोन दिवस कोड चाळत बसलो. शेवटी ऑसिलोस्कोपवर करंट बघितला (आयसोलेटेड प्रोबने, रोहित्र!) तेव्हा उलगडा झाला. एलईडी बल्ब शून्याजवळ करंट घेतच नाही. त्याच्या आतला कपॅसिटर भरलेला असतो, मेन्सचं व्होल्टेज त्याच्या वर चढेल तेव्हा, शिखराच्या आसपासच, तो अरुंद घोट घेतो. मी ताट मांडून बसत होतो ती वेळच चुकीची होती.

मग घड्याळ काढून टाकलं. आता अर्धं चक्र सुरू होताना मॉस्फेट बंद होतात आणि साठवण भरली असं कंपॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून बघणारी चिप) सांगेपर्यंत बंदच राहतात. करंट कधी यायचा तेव्हा येवो. फिलामेंट, ड्रायव्हरवाला एलईडी, तीन बल्बांचं झुंबर, सगळ्यांवर एकच सर्किट चाललं.

फक्त ३ वॅटचा एक छोटा दिवा अडला होता. त्याच्यावर स्विच मधूनमधून रिसेट व्हायचा. तोवर मी होल्डरपाशी ०.१ मायक्रोफॅरड लावलेला नव्हता, कारण तो दिवा लुकलुकत नव्हता. लावून बघितला आणि रिसेट थांबले. चालू स्थितीत त्या कपॅसिटरमधून ७ मिलिअँप जातात, आणि शिखराची वाट न बघता चक्रभर जातात. ५ व्होल्टला ते ३५ मिलिवॅट. म्हणजे तो नुसता लुकलुक थांबवत नाही, दिवा चालू असतानाही स्विचला किमान जेवण देतो. आता मी तो प्रत्येक दिव्याला लावतोय, लुकलुक असो वा नसो.

नवशिका

मग बल्ब उडाला तर? किंवा काढला तर? स्विचही जाईल ना?

तिसरीतार

कपॅसिटर नसेल तर जाईल. वाटच तुटते. कपॅसिटर असेल तर बल्बशिवायही तग धरतो, चालू आणि बंद दोन्हीकडे. काल बल्ब काढून रात्रभर ठेवला, सकाळी जाळ्यात होता.

जुना वायरमन

हेच मला लिहायचं होतं. याचा दुसरा अर्थ असा की स्विच "बंद" असला तरी होल्डरमध्ये वीज आहे. बल्ब बदलताना स्विच बंद केला की झालं, ही सवय माणसाच्या हातात बसलेली असते. तुम्हाला माहीत आहे, पण पुढे त्या घरात राहायला येणाऱ्याला माहीत नसणार.

तिसरीतार

खरंय काका. आजच एमसीबीच्या दारावर आतून पट्टी चिकटवली: "दिव्याला हात लावण्याआधी एमसीबी पाडा, स्विच बंद करून वीज जात नाही." होल्डरच्या कपावरही छोटी लावली, कारण बल्ब बदलणारा वर बघतो, दारावर नाही.

आता एकच शंका उरली आहे. एक्स२ कपॅसिटरमधून असा सतत करंट वाहत राहिला तर वर्षानुवर्षं त्याची क्षमता घटत जाते. ०.१ चा ०.०५ झाला तर तो ३ वॅटचा दिवा पुन्हा अडेल. अशा सततच्या वापरासाठी बनवलेले कपॅसिटर मागवले आहेत. चार होल्डरांत नवे, दोनांत साधे एक्स२ बसवतो, आजची मोजणी बोर्डावर लिहून ठेवतो आणि वर्षाने उतरवून पुन्हा मोजतो. आकडे इथेच टाकेन.

अनुनाद

मोजताना तापमानही लिहा. छताजवळ उन्हाळ्यात वेगळा आकडा येईल.

तिसरीतार

लिहितो.